हॅम रेडिओवरच्या आमच्या रात्री नऊच्या नेटवर कोणीतरी मुद्दाम कॅरिअर टाकतंय. शोधायचं कसं?

सावद्याचा_रिवाइंडर

नमस्कार मंडळी. सावद्यात माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. २०१९ मध्ये परीक्षा देऊन हॅमचं, म्हणजे हौशी रेडिओचं, रिस्ट्रिक्टेड ग्रेडचं लायसन काढलं, म्हणजे मी व्हीयू३ वाला; माझं कॉलसाईन, म्हणजे हवेतली ओळख, तसं सुरू होतं. भुसावळ, यावल, रावेर, जळगाव मिळून आम्ही सात-आठ जण रोज रात्री नऊला १४५.५५० मेगाहर्ट्झवर सिम्प्लेक्स नेट घेतो, म्हणजे एकाच फ्रिक्वेन्सीवर जमून थेट एकमेकांशी बोलतो. मधे सिग्नल पुढे पाठवणारा रिपीटर नाही. ज्याचा त्याचा गच्चीवरचा अँटेना आणि मधे सपाट केळीचं रान, म्हणून जमतं.

महिना झाला, नेट सुरू झाला की पाच-सात मिनिटांत कोणीतरी कॅरिअर टाकतो, म्हणजे सेट दाबून धरून चॅनल अडवतो. आधी नुसता, मग शिट्टी, मग मोबाईल माईकसमोर धरून लग्नातला डीजे. पीटीटी, म्हणजे बोलायचं बटण, अडकलं असेल असं आधी वाटलं होतं. पण आमच्या नेटवर भुसावळची एक कॉलेजची मुलगी असते. तिने बोलायला सुरुवात केली की हा बरोबर दाबतो, तिने सोडलं की हाही सोडतो. अडकलेलं बटण एवढं हुशार नसतं भाऊ.

एक गोष्ट कानाला लागली. तो गप्प असतो तेव्हा मागे मोटार ऐकू येते. घर्रर्र करते, आणि मधेच किर्र असा आवाज. पस्तीस वर्षं हाच धंदा केलाय. ती मोनोब्लॉक (एकाच सांगाड्यातली मोटार आणि पंप) आहे आणि तिचं पंख्याकडचं बेअरिंग गेलंय.

आता खरं सांगतो. गेल्या मंगळवारी माझंही डोकं फिरलं. मी घरच्या पंचवीस वॅटच्या बेस सेटवरून त्याच्या अंगावर पीटीटी दाबून धरलं, दोन-तीन मिनिटं. कॉलसाईन दिलं नाही. बायको म्हणाली, कोणाशी भांडता हो भिंतीशी?

याला पकडायचं कसं आणि तक्रार कुठे करायची?

भुसावळ_जुना_हॅम

भाऊ, आधी त्या मंगळवारची नोंद लॉगबुकात करा. तारीख, वेळ, पॉवर, सगळं. बोलणं सुरू करताना आणि संपवताना कॉलसाईन द्यायचं, हा १९७८ च्या नियमांतला अगदी पहिलीतला धडा. तुम्ही दाबून धरलं त्या दोन-तीन मिनिटांत तुमच्यात आणि त्याच्यात फरक एवढाच होता, की तुमच्याकडे घालवायला लायसन होतं.

दुसरं, त्याला उत्तर देणं बंद करा. "कोण आहे रे", "लाज वाटते का", एक अक्षर नको. तुम्ही चिडता हेच त्याचं पिक्चर आहे. नेट कंट्रोलने, म्हणजे नेट चालवणाऱ्याने, त्याच्याशी न बोलता पुढच्या स्टेशनला हाक मारायची. फारच झालं तर आधी ठरवलेल्या दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर जायचं, पण कुठे जातोय ते हवेत सांगायचं नाही.

शोधायला महागडं काही लागत नाही. स्टीलच्या मेजरिंग टेपच्या पट्ट्या आणि पीव्हीसी पाईप घेऊन तीन एलिमेंटची यागी, म्हणजे दिशा धरणारा अँटेना, करा. मागची पट्टी एक मीटरहून थोडी मोठी, पुढची नव्वद सेंटिमीटरच्या आसपास. जळगाव जिल्ह्यात पीव्हीसी पाईपचा काय तोटा! तेही नको असेल तर हॅण्डी (हातातला सेट) छातीशी धरून जागच्या जागी फिरा. सिग्नल सगळ्यात कमी झाला की तो तुमच्या पाठीमागे.

जवळ गेल्यावर सिग्नलचा मीटर सगळीकडेच फुल दाखवतो, तिथे नवशिके फसतात. तेव्हा हॅण्डी तिप्पट फ्रिक्वेन्सीवर, ४३६.६५० वर लावा. स्वस्त सेटचा तिसरा हार्मोनिक, म्हणजे तिप्पट फ्रिक्वेन्सीवर सांडणारा सिग्नल, तिथे बारीकसा निघतो, आणि तो जवळच ऐकू येतो. पत्र्याच्या शेडवरून सिग्नल परततो, म्हणून एका ठिकाणच्या दिशेवर विश्वास ठेवू नका. मी इथून नकाशावर दिशेची रेषा काढतो, तुम्ही सावद्याहून काढा.

तक्रार दूरसंचार विभागाच्या वायरलेस मॉनिटरिंग ऑर्गनायझेशनकडे जाते, त्यांचं केंद्र मुंबईतही आहे. "कोणीतरी त्रास देतो" असं पोस्टकार्ड पाठवू नका. तारीखवार तक्ता, सिग्नल, दिशा आणि रेकॉर्डिंग हवं.

पॉवर_वाढवा

एवढी भानगड कशाला? पन्नास वॅट मारा, झाकून टाका त्याला. नाहीतर अमेरिकेसारखा दंड हवा, एकदाच लाखांत ठोकला की सगळे सरळ.

भुसावळ_जुना_हॅम

एफएममध्ये तुम्ही त्याला झाकाल तुमच्या गच्चीपुरतं. यावलच्या माणसाला तोच जवळ असेल तर तिथे तोच ऐकू येणार. आणि अमेरिकेचं म्हणाल, तर आयडाहोमध्ये २०२१ साली वणवा विझवणाऱ्यांच्या फ्रिक्वेन्सीवर एक जण बोलला, त्याला एफसीसीने, म्हणजे तिथल्या दूरसंचार आयोगाने, पुढच्या वर्षी ३४,००० डॉलरचा दंड प्रस्तावित केला. तो लायसनवाला हॅमच होता, आणि त्रास द्यायला नव्हे, विमानांना माहिती द्यायला घुसला होता. मंगळवारवाल्यांनी हेही वाचावं.

तापीकाठची_व्हीयू३

काका, ती कॉलेजची मुलगी मीच. मी रडत वगैरे नाही, वहीत लिहितेय. २३ रात्रींची नोंद आहे माझ्याकडे. त्यातल्या १४ रात्री तो आला, ९ रात्री नाही. या ९ रात्री विखुरलेल्या नाहीत, सलग गटात आहेत. पाच-सात दिवस रोज येतो, मग आठवडाभर गायब, मग परत रोज. कॉलेजला सुट्टी, सण, बाजार, काहीच जुळत नाही. काही सुचतं का?

सावद्याचा_रिवाइंडर

ताई, तू शहरातली म्हणून तुला सुचलं नाही. ही शेतीची लाईट आहे! एक आठवडा दिवसा थ्री फेज, एक आठवडा रात्री. रात्रपाळीची लाईट असते तेव्हा हा केळीला पाणी भरायला मळ्यात असतो, आणि मोटार चालू असते म्हणून मागे घरघर. मी मोटारीचा आवाज ऐकत बसलो आणि वेळेचा विचारच केला नाही.

सावद्याचा_रिवाइंडर

आठ दिवसांनी लिहितोय. दुकानावर लग्नसराईचं काम होतं, माफी.

रात्रपाळी लागली त्या पहिल्याच दिवशी टेपची यागी घेऊन गच्चीवर गेलो. दिशा वायव्येला. भुसावळच्या दादांनी त्यांच्याकडून उत्तरेच्या जरा उजवीकडे सांगितली. नकाशावर रेषा मिळाल्या त्या सातपुड्याच्या पायथ्याशी. गावाचं नाव लिहीत नाही. दुसऱ्या रात्री मी आणि माझा भाचा मोटारसायकलवर गेलो. केळीची ओली पानं सिग्नल असा खातात की शंभर पावलांवर दिशा बदलल्यासारखी वाटते. एका पत्र्याच्या कोठाराने वीस मिनिटं उलट्या दिशेला फिरवलं. मग ४३६.६५० लावलं, आणि एका बांधावर बारीक आवाज फुटला. तिथून पुढे रेडिओची गरज लागली नाही. किर्र ऐकू येत होतं, कानानेच गेलो.

हौदाशेजारी ५ एचपीची मोनोब्लॉक. खाटेवर एकोणीस-वीस वर्षांचा पोरगा, हातात चायनीज हॅण्डी. "कोन हाये?" म्हणाला. मी म्हटलं, मोटारीचं बेअरिंग गेलंय तुझ्या, रोटर घासायच्या आत काढ. तो आधी मोटारीकडे बघतो, मग माझ्या हातातल्या यागीकडे. तोंड उतरलं.

मळ्यात मोबाईलला रेंज नाही, दुसऱ्या विहिरीवरच्या भावाशी बोलायला ऑनलाइन सेटची जोडी मागवली होती. लायसन लागतं हे विकणाऱ्याने सांगितलं नाही, यानेही विचारलं नाही. आमचा नेट सापडला आणि रात्र सरायला लागली. "तुम्ही चिडायचे ना काका," असं म्हणाला. मंगळवारचं आठवून मला मान खाली घालावी लागली.

सेट बंद करून बॅटरी काढायला लावली. ४४६ मेगाहर्ट्झचे बिनलायसनी छोटे सेट मिळतात, ते घे म्हटलं. परत आवाज आला तर तक्ता मुंबईला जाईल, तोवर दुकानाच्या गल्ल्यात. बरोबर केलं ना?

भुसावळ_जुना_हॅम

शोधलंत छान. पण माफ करणारे आपण कोण? २०२५ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा वॉकीटॉकी विकणाऱ्या ऑनलाइन बाजारांना नोटिसा काढल्या त्या उगाच नाही. बिनलायसनी सेट उद्या दुसऱ्याच्या कामाच्या चॅनलवर गेला तर? तक्ता पाठवा, पोराचं वय आणि त्याने ऐकलं हेही त्यात लिहा. ठरवायचं ते ठरवतील.

सावद्याचा_रिवाइंडर

दादा, तुमचं पटतं आणि हात उचलत नाही. त्याचा बाप आज मोटार घेऊन दुकानात आलाय. त्याला यातलं काही माहीत नाही.

तापीकाठची_व्हीयू३

काल रात्री चॅनल स्वच्छ होता. एकच नोंद आहे: ९.४१ ला एका स्टेशनने "चला, जेवायला बोलावतायत" म्हणून पीटीटी सोडलं, शेवटचं कॉलसाईन दिलं नाही. काका, सावद्याचंच स्टेशन होतं ते.