सिंगापूर ते न्यूयॉर्क: अंतर १५,३०० किमी, मग साडेअठरा तास कसे काय?

प्रश्न
सिंगापूर चांगी ते न्यूयॉर्क जेएफके, या दोन विमानतळांमध्ये नेमकं किती अंतर धरायचं? साइटवर १५,३०० किमीच्या आसपास दाखवतंय, विमान ताशी ९०० नी जातं म्हणतात, म्हणजे १७ तास झाले, पण तिकिटावर साडेअठराच्या वर लिहिलंय. आणि वर मध्यरात्री निघून त्याच तारखेला पहाटे पोचणार म्हणे!! आईला सोबत नेतोय, तिला एका जागी फार वेळ बसवत नाही, म्हणून खरे तास सांगा.

नकाशावेडा
१५,३०० बरोबर आहे, पण ते गोलावरचं कमीत कमी अंतर. घरात पृथ्वीगोल असेल तर दोरा घ्या, एक टोक सिंगापूरवर दुसरं न्यूयॉर्कवर, आणि ताणा. दोरा जवळपास उत्तर ध्रुवावरूनच जातो, कारण दोघांच्या रेखांशात १७८ अंशांचा, म्हणजे जवळपास अर्ध्या गोलाचा, फरक आहे. भिंतीवरच्या सपाट नकाशात हे कळतच नाही. आता विमान त्याच दोऱ्यावरून जातं असं नाही हां, त्या रेषेत सायबेरिया, मंगोलिया, चीन सगळं येतं, त्यामुळे हवाई हद्द, वारा, हवामान बघून रोजचा मार्ग ठरतो. पुष्कळदा न्यूयॉर्कला जाताना पॅसिफिकवरून नेतात आणि मग १६,००० च्या वर किमी होतात.

खिडकीची सीट
वरच्यांनी जे लिहिलंय त्यात वाऱ्याचं जास्त महत्त्वाचं. १०-१२ किमी उंचीवर जेट स्ट्रीम नावाचा जोरदार वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, हिवाळ्यात तर ताशी २०० किमीच्या पुढे सहज जातो, तो पाठीमागून मिळाला की लांबच्या रस्त्यानेही वेळ वाचतो. म्हणून किमी भागिले ९०० हा हिशोबच सोडा. शिवाय तिकिटावरचा वेळ गेट ते गेट असतो, जमिनीवर रांगेत उभं राहणं पण त्यातच धरलेलं असतं.

रात्रपाळी
तारखेचं सोपं आहे. उन्हाळ्यात न्यूयॉर्क सिंगापूरच्या १२ तास मागे, हिवाळ्यात १३. समजा रात्री १२ ला निघालात, साडेअठरा तासांनी सिंगापूरच्या घड्याळात संध्याकाळचे साडेसहा, त्यातून १२ वजा, सकाळचे साडेसहा, तारीख तीच. येताना उलट. रात्री साडेदहाला निघालात तर तिसऱ्या तारखेला पहाटे उतराल, मधला अख्खा दिवस गायब, हॉटेल बुक करताना लोक इथेच फसतात.

प्रश्नकर्ता
अच्छा, म्हणजे बसायचं साडेअठरा तासच. येताना कमी लागतील का?

खिडकीची सीट
नाही हो, साधारण तेवढेच. येताना बऱ्याचदा अटलांटिक-युरोपवरून आणतात, म्हणजे तोंड परत पूर्वेकडेच, दोन्ही वेळा वारा पाठीशी. या थेट फ्लाइटला एअरबस ए३५० विमानाचं जास्त इंधन मावणारं खास मॉडेल आहे, त्यात इकॉनॉमी नाहीच, बिझनेस आणि प्रीमियम इकॉनॉमी फक्त. आईंना जड जाणार असेल तर फ्रँकफर्टला थांबून जाणारी बघा, एकूण वेळ जास्त लागेल पण मधे उतरून पाय मोकळे होतात. मी तरी तीच घेईन.