नॉर्वेची परदेशी मदत: टक्का बघायचा की किनाऱ्यावर काय झालं ते?

रापणकाठी:
नॉर्वे ५५ लाख वस्तीचा देश, म्हणजे आपल्या पुणे-पिंपरी पट्ट्याहूनही लहान, आणि परदेशी मदतीवर वर्षाला पाच अब्ज डॉलरच्या आसपास खर्च करतो. श्रीमंत देशांनी राष्ट्रीय उत्पन्नाचा ०.७ टक्का द्यावा असं संयुक्त राष्ट्रांत १९७० साली ठरलं, बहुतेकांनी ते कधी पाळलं नाही, नॉर्वे मात्र बरीच वर्षं १ टक्क्याच्या जवळपास देत आलाय. त्यामुळे कुठलीही यादी काढा, नॉर्वे वर असतो आणि कौतुक सुरू होतं. मला हा टक्काच खटकतो. देणाऱ्याच्या खिशातून किती गेलं तेवढंच तो सांगतो, घेणाऱ्याच्या पदरात काय पडलं ते नाही.

त्यांचा पहिलावहिला मदत प्रकल्प आपल्याच देशात झाला. १९५२ चा करार, १९५३ पासून केरळात कोल्लमजवळ नींदकरा, शक्तिकुलंगरा या मच्छीमार गावांत काम. मच्छीमारांचं राहणीमान सुधारायचं हा हेतू, त्यात इंजिनाच्या होड्या, बर्फ, दवाखाना, नळाचं पाणी सगळं होतं. पुढे ट्रॉलिंग आलं, म्हणजे मोठ्या यांत्रिक होडीने (ट्रॉलरने) समुद्राच्या तळावरून जाळं ओढत नेणं, अमेरिका-जपानात गोठवलेल्या कोळंबीला भाव मिळायला लागला आणि सगळा ओढा तिकडेच गेला, ज्यांच्याकडे पैसा होता ते लोक समुद्रात कधी न उतरता ट्रॉलरमालक झाले आणि ज्यांच्यासाठी हे काढलं होतं त्यातले कितीतरी जण त्याच पाण्यात ट्रॉलरशी भांडत राहिले. १९७२ ला प्रकल्प संपला. नंतर ऐंशीच्या दशकात पारंपरिक मच्छीमारांनी मोर्चे काढले, उपोषणं केली, तेव्हा कुठे १९८८ मध्ये केरळात पावसाळी ट्रॉलिंगबंदी आली. म्हणजे खरा परिणाम दिसला तोवर नॉर्वेची माणसं परत जाऊन सोळा वर्षं झाली होती. मूल्यमापन करायचं तर दहा-पंधरा वर्षांनी करा, आणि ज्यांच्या नावाने पैसे आले त्यांना विचारून करा.

हिशेबवही:
अजिबात पटलं नाही. टक्का म्हणजे शब्द दिलेला असतो, आणि गरीब देशाच्या आरोग्य खात्याला सगळ्यात जास्त गरज त्याचीच असते. 'गावी' (Gavi) ही गरीब देशांना लस पुरवणारी जागतिक संस्था २००० मध्ये सुरू झाली तेव्हापासून नॉर्वे तिच्या पाठीशी आहे. पुढची काही वर्षं मागणी पक्की आहे असं दिसलं तरच लस बनवणारा कारखाना वाढवतो आणि मग दर खाली येतात, आपल्या पुण्याची सीरम याच खरेदीतली मोठी पुरवठादार आहे. ही खात्री दर वर्षी मूड बघून पैसे देणाऱ्या देशांकडून मिळत नाही.

आणि चूक मान्य करायची म्हणाल तर तेही यांनीच केलंय. १९७६ ते ८० मध्ये नॉर्वेने विकसनशील देशांना उधारीवर जहाजं विकली, खरा हेतू स्वतःच्या जहाज कारखान्यांना काम मिळावं हा. ती उधारी त्या देशांच्या गळ्याशी आली. २००६ मध्ये मंत्री एरिक सोल्हाइम यांनी सरळ सांगितलं की यात देणारा म्हणून आमचीही जबाबदारी आहे, आणि इक्वेडोर, इजिप्त, जमैका, पेरू, सिएरा लिओन यांचं मिळून सुमारे ५२ कोटी क्रोनरचं (नॉर्वेचं चलन) कर्ज सोडून दिलं, वर ते मदतीच्या आकड्यातही धरलं नाही. दुसऱ्या कुठल्या सावकार देशाने असं केलंय ते दाखवा.

दर्याकिनारा:
रापणकाठी, केरळचं सगळं खापर नॉर्वेवर फोडणं मला मान्य नाही. १९५२ चा नॉर्वे श्रीमंत नव्हता, तेल सापडायचं होतं, ते स्वतः नुकतेच मार्शल मदतीवर, म्हणजे महायुद्धानंतर अमेरिकेने युरोपला दिलेल्या पैशावर, उभे राहत होते. कोळंबी निर्यातीचा हट्ट आपल्या सरकारांचा, परकीय चलन हवं होतं, १९६६ ला रुपयाचं अवमूल्यन झालं तशी निर्यात आणखी फायद्याची झाली. आणि गोव्यात बघा की, तिथे कुठे होता नॉर्वे? तरी सत्तरच्या दशकात रापणकारांना, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या मच्छीमारांना, ट्रॉलरविरुद्ध रस्त्यावर उतरावं लागलं. आमच्या सिंधुदुर्ग-रत्नागिरीत पर्ससीनचा (माशांच्या अख्ख्या थव्याला वेढणाऱ्या मोठ्या जाळ्याचा) वाद आजही चालूच आहे. मासा महाग झाला की भांडवल घुसतं, मदत असो नसो.

रापणकाठी:
दर्याकिनारा, गोव्याचा मुद्दा बरोबर आहे, पण मग केरळात जे दिसलं ते पुढच्या ठिकाणी जाताना कामाला यायला नको होतं का? केनियात तुर्काना तलावाकाठी नोराडने, म्हणजे नॉर्वे सरकारच्या मदत संस्थेने, मासे गोठवायचा कारखाना उभारला. आजूबाजूला गुरं-उंट पाळणारे लोक, गोठवायला लागणारी वीज आणि स्वच्छ पाणी तिथे परवडेना, कारखाना जेमतेम सुरू होऊन बंद पडला. देणाऱ्याला मासेमारी येते म्हणून घेणाऱ्याने मासेमारी करायची हे केरळातही तेच आणि तिथेही तेच. तिथल्या लोकांना आधी कोणी विचारलं असतं तर वीज-पाण्याची अडचण त्यांनीच सांगितली असती.

सदाहरित:
तुम्ही दोघं जुन्या काळात अडकलात. ब्राझीलच्या ॲमेझॉन फंडाबद्दल बोला. २००८ पासून नॉर्वेने त्यात मिळून एक अब्जाहून जास्त डॉलर दिले, आणि जंगलतोड कमी झाल्यावरच. २००४ ला वर्षाला २७ हजार चौरस किमीहून जास्त जंगल जात होतं, २०१२ ला साडेचार हजारांच्या आसपास. २०१९ ला तिथल्या सरकारने फंडाच्या समित्या मोडल्या, नॉर्वेने पैसे थांबवले, २०२३ ला सरकार बदललं तसे परत सुरू केले. काय करायचं ते ब्राझील ठरवतो, नॉर्वे फक्त निकाल बघतो. रापणकाठी, तुम्हाला हेच तर हवंय ना?

हिशेबवही:
यात मात्र मी सदाहरितशी सहमत नाही. तोड २००४ नंतर उतरायला लागली, उपग्रहाची पाळत, दंड, नवी राखीव जंगलं हे ब्राझीलने स्वतः केलं, फंड आला २००८ ला. मग त्या उताराचं श्रेय पैशाला किती द्यायचं? नॉर्वेच्याच महालेखापालांनी २०१८ मध्ये या जंगल योजनेवर टीका केली होती, की प्रगती धीमी आहे आणि परिणाम अनिश्चित आहेत. इंडोनेशियाशी २०१० मध्ये एक अब्ज डॉलरचा करार झाला, २०२१ मध्ये इंडोनेशियाने तो मोडला कारण तोड कमी केल्याचे ठरलेले पैसे आले नाहीत. निकालावर पैसे म्हटलं की निकाल कोणी मोजायचा यावरच भांडण अडकतं.

उत्तरवारा:
मी नॉर्वेत स्टावांगरला तेलाच्याच धंद्यात नोकरी करतो, म्हणून दोन गोष्टी सांगतो. हिशेबवही, तुमच्या टक्क्यात निर्वासितांना नॉर्वेतच ठेवण्याचा पहिल्या वर्षाचा खर्चही धरला जातो, नियमात ते बसतं. युक्रेनमधून लोक आले त्यांना घर देणं योग्यच, मी त्याच्या बाजूने आहे, पण तो पैसा मलावीत पोचत नाही आणि आकड्यात मात्र मदत म्हणूनच दिसतो. दुसरं म्हणजे तेल-गॅस विकून जो देश इतका कमावतो त्याने दुसऱ्याच्या जंगलासाठी पैसे दिले तर ते मदतीच्या रकान्यात का, हा प्रश्न इथले लोकही विचारतात.

पण रापणकाठी, एका बाबतीत तुम्ही अन्याय करताय. नोराडचा मूल्यमापन विभाग अहवाल काढतो आणि छापतो, त्यात स्वतःच्या कामावर कडक ताशेरे असतात. अडचण अशी की ते अहवाल वाचतात इथले अधिकारी आणि सल्लागार. कोल्लमच्या मच्छीमाराला मल्याळममध्ये, तुर्कानाच्या धनगराला त्याच्या भाषेत तो कोणी वाचून दाखवत नाही, आणि चुकीचं लिहिलं असेल तर त्याने हरकत कुठे घ्यायची त्याची जागाच नाही. ती जागा आधी करायला हवी, आणि तिचा खर्च त्या एक टक्क्यातूनच निघायला हवा.