मदत हवी आहे: वेंगर थोर की हट्टी?

मंडळी, आम्ही चौघं आर्सेनलवाले (इंग्लंडच्या या फुटबॉल क्लबचे चाहते) कोथरूडात मित्राकडे मॅच बघतो आणि नंतर क्लबचा जुना मॅनेजर आर्सेन वेंगरवरून भांडतो. मी जुना भक्त. 2003-04 ला त्याने अख्खी प्रीमियर लीग एकही मॅच न हरता काढली, 26 विजय, 12 बरोबरी. यावर कोण काय बोलणार? पण मित्राचा धाकटा भाऊ ऐकत नाही. "दादा, 2005 नंतर थेट 2014 ला कप. मधे काय केलं?" मी म्हणतो, 2006 मध्ये नवं स्टेडियम झालं, डोक्यावर कर्ज होतं, तरी दरवर्षी पहिल्या चारात होतो. तो म्हणतो, सबबी! (वेंगरची शेवटची दोन वर्षं मलाही बघवत नव्हती, पण हे त्याला सांगू नका.)

त्या काळात कर्जाची अडचण किती आणि वेंगरचा हट्ट किती, कुणी नीट समजावेल का? शनिवारच्या आत सांगा, मिसळीची पैज लागली आहे.