काम भरपूर, तरी माल उशिरा आणि पगाराला पैसे नाहीत

लेथवाला:
भोसरीत आमचं जॉबवर्कचं, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांचे पार्ट बनवून देण्याचं, छोटं युनिट आहे. चार सीएनसी लेथ (प्रोग्रॅमवर धातू कातणारी मशीन), दोन पाळ्या. ऑर्डरींना तोटा नाही, पण दर महिन्याला कुणाचा ना कुणाचा माल रखडतो आणि पगाराच्या तारखेला खात्यात खडखडाट असतो. नियोजन, संघटन, नियंत्रण हे सगळं एवढ्याशा शॉपमध्ये नेमकं करायचं कसं?

मशीनतास:
आधी तासांचा हिशेब मांडा. ४ मशीन, १६ तास, २६ दिवस म्हणजे १,६६४ तास. सेटिंग, इन्सर्ट (कापणारं पातं) बदलणं, मटेरियलची वाट, लाइट जाणं हे वजा करून ६५ टक्केच धरा. हातात राहतात साधारण १,०८० तास. आता प्रत्येक ऑर्डर तासांत काढा. सायकल टाइम (एका नगाला लागणारा वेळ) ६ मिनिटं, १,००० नग म्हणजे १०० तास, शिवाय सेटिंग. बरेच जण फक्त प्रोग्रॅम चालतो तेवढाच वेळ मोजतात. जॉब लावायला-काढायला ४५ सेकंद लागत असतील तर हजार नगांमागे साडेबारा तास तिथेच जातात! बेरीज मशीनवार करा. एकूण तास बसतात आणि एकच मशीन तुंबलेलं असतं, असं फार वेळा होतं. भरलेल्या मशीनवर नवीन काम घेताना पार्टीला पुढची तारीख सांगायची, मागची ऑर्डर ढकलायची नाही.

गेज:
नियंत्रण म्हणजे शेवटी माल तपासणं नव्हे. पहिला नग पास झाल्याशिवाय लॉट सुरू करायचा नाही, मग दर २५ नगांनी माप घेऊन जॉबकार्डवर (त्या कामाच्या नोंदीच्या कार्डावर) लिहायचं. व्यास २५ मिमी, टॉलरन्स (चालणारा फरक) ±०.०२. इन्सर्ट झिजला की बाहेरचा व्यास वाढत जातो: २५.००४, २५.००९, २५.०१४. इथेच ऑफसेट द्यायचा, म्हणजे मशीनमध्ये टूलचं माप तेवढं दुरुस्त करायचं. नुसतं 'ओके' लिहिलेल्या कार्डावर हे चढतं माप दिसतच नाही, म्हणून आकडाच हवा. आणि ऑफसेट कुणी बदलायचा हे प्रत्येक पाळीत एकाच माणसाकडे ठेवा. दोघांनी हात घातला की रिजेक्शन नक्की.

उधारी-वसुली:
पैशांचं बघू. मालासोबत चलन गेलं त्याच दिवशी बिल करा, बिलावर उद्यम नंबर (लघुउद्योग म्हणून सरकारी नोंदणीचा क्रमांक) छापा. सूक्ष्म-लघु उद्योगाला लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यायचे, असं २००६ चा एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास) कायदा सांगतो. २०२४-२५ या कर आकारणी वर्षापासून या मुदतीत बिलाचे पैसे न देणाऱ्या पार्टीला आयकरात त्या खर्चाची वजावट पैसे देईल त्याच वर्षी मिळते. त्यामुळे मार्चच्या आधी, फेब्रुवारीतच, थकीत बिलांची यादी थेट त्यांच्या अकाउंट्सला पाठवा. जीएसटी मात्र पार्टीने पैसे दिले नाहीत तरी तुम्हाला भरावाच लागतो. पगाराची ओढाताण बऱ्याचदा त्यातून होते. पुढच्या १३ आठवड्यांची येणी-देणी आठवडावार लिहून ठेवा, खड्डा आधीच दिसेल.

लेथवाला:
आभारी आहे. पण मी स्वतः दिवसभर मशीनवर असतो. हे कधी करायचं?

मशीनतास:
ते मशीन ऑपरेटरला द्या, दादा. मालक मशीनवर असेल तर खरेदी, तारखा आणि वसुली बघायला दुसरं कुणी नसतं. निदान पाळी सुरू होताना १० मिनिटं चौघा ऑपरेटरांसोबत फळ्यासमोर उभे राहा: आज कुठल्या मशीनवर कुठला जॉब, किती नग, मटेरियल आलंय का. मटेरियलचा प्रश्न मात्र आदल्या संध्याकाळीच विचारा, सकाळी कळून उपयोग नाही.