मदत हवी आहे: हिमालयातल्या निळवंतीच्या दोन बहिणी ओळखायच्या कशा?

नमस्कार मंडळी,

पुरंदरच्या उतारांवर पाऊस सरताना निळवंती बघायला आम्ही दरवर्षी जातो. त्यामुळे मागे सोंड असलेलं निळं फूल दिसलं की डेल्फिनियम, एवढं कळतं. सह्याद्रीत पुढे डोकं खाजवावं लागत नाही, रानात मलबारिकम ही एकच जात. हिमालयात मात्र पुरता अडकलोय.

ऑगस्टमध्ये मनालीहून बारालाचा खिंडीपर्यंत जाऊन आलो. रोहतांग खिंडीच्या वाटेवर मढीजवळ कमरेएवढी, तळहाताहून मोठ्या पानांची, केसाळ दाट तुऱ्याची रोपं होती. ती डेल्फिनियमची वेस्टिटम ही जात धरून चाललोय. खरा घोळ पुढच्या दोघींचा.

पहिली रोहतांगच्या अलीकडे, साधारण ३,७०० मीटरवर, गवताळ उतारावर ओहळाकाठी. गुडघ्याच्या खालीच. फुलं गडद निळी, मोजकी, फांद्यांच्या टोकांना सुटी सुटी.

दुसरी बारालाचाजवळ, ४,८०० मीटरच्या आसपास, नुसत्या दगडगोट्यांत. जेमतेम वीतभर रोप, पण फूल केवढं! फिकट जांभळट, फुगीर, पतंगाच्या कागदासारखं. उजेडासमोर धरलं तर शिरा स्पष्ट दिसत होत्या आणि बाहेरून बारीक लव. वास इतका उग्र की संध्याकाळी जिस्पा गावी पोचलो तरी बोटांना येत होता.

मोबाइलमधलं अ‍ॅप दोन्हींना 'कॅश्मिरियानम' म्हणतंय. मला पटत नाही. नक्की काय तपासू? फोटो सगळे समोरून काढलेत, सोंड नीट दिसत नाही.

प्रतिसाद

दादा, शंका रास्त आहे. दुसरी ब्रुनोनियानम. कस्तुरीसारखा उग्र वास, कागदी फुगीर फूल आणि ४,००० मीटरच्या वरचे खडक, हे तिन्ही जुळतं. निळं दिसतं त्या पाकळ्या नव्हेत, संदलं (कळीला झाकणारी बाहेरची दलं) आहेत. खऱ्या पाकळ्या आत, लहान आणि काळपट. या जातीत संदलं फळ धरल्यावरही गळत नाहीत, म्हणून उशिरा गेलात तरी ओळखता येते. सोंड आखूड, बुडाशी रुंद, पिशवीसारखी.

पहिली कॅश्मिरियानमच वाटते. डेन्युडेटम या आणखी एका जातीचा विचार सोडा. ती बरीच खाली, १,५०० ते २,७०० मीटरमध्ये, आणि तिची पानं बारीक चिरलेली, अंगावर लव जवळजवळ नाही. एकट्या रंगावर जाऊ नका, उन्हात आणि सुकताना तो बदलतो. बुडाजवळचं पान बघा आणि फूल बाजूने बघा. वरचं संदल सोंडेऐवजी टोपीसारखं असेल तर ते डेल्फिनियम नव्हे, बचनागाच्या प्रजातीतलं (अ‍ॅकोनिटम).

एक कळकळीने सांगते: सगळीच डेल्फिनियम विषारी. चुरगळून वास घेतलात तर हात धुतल्याशिवाय काही खाऊ नका.

मूळ धागाकर्ता

ताई, खूप आभार! हात धुवायचं लक्षात ठेवतो. बारालाचाच्या एका फोटोत मागे पान सापडलं: मूत्रपिंडासारखा आकार, खोल चिरलेलं. तेही ब्रुनोनियानमशी जुळतं. रोहतांगच्या रोपाचं बुडाचं पान एकाही फोटोत नाही. पुढच्या जुलै-ऑगस्टमध्ये कुणी तिकडे जाणार असेल तर ओहळाची जागा नकाशावर दाखवतो. पान आणि सोंड, दोन्हींचे फोटो आणाल का? रोप मात्र उपटू नका.