संजीवन सभेत तंबाखूच्या पुड्या पुढे आल्या, सातबारा का येत नाही?

शेवगावकर:
सर्वांना सलाम. आमच्या ख्रिस्ती मंडळीत नुकतीच संजीवन सभा, म्हणजे थंडावलेला विश्वास पुन्हा जागा करण्याची सभा, झाली. मंडप, मोठे स्पीकर, बाहेरगावचे वक्ते, सगळं नीट पार पडलं. शेवटच्या रात्री वक्त्यांनी हाक दिली, की जगाचं जे काही तुम्हाला चिकटलंय ते इथे आणून टाका. लोक रडत पुढे गेले. बघता बघता टेबलावर तंबाखूच्या पुड्या, चुन्याच्या डब्या, गुटख्याच्या माळा आणि पत्त्यांचा एक कॅट जमला. त्या गर्दीत दोन सख्खे भाऊही होते. बापाच्या जमिनीवरून दोघांचं बोलणं बंद आहे, कोर्टात तारखा चालू आहेत. दोघांनी डोळे पुसले, एक उजव्या बाजूने परत आला, दुसरा डाव्या. दुसऱ्या दिवशी तारखेला दोघेही हजर.

योहानाच्या पहिल्या पत्रात जगाच्या तीन गोष्टी सांगितल्या आहेत: देहाची वासना, डोळ्यांची वासना आणि संसाराविषयीची फुशारकी. आपल्या सभांत पहिलीवर तास तास बोलतात. दुसऱ्याच्या बांधावर जाते ती डोळ्यांची वासना, आणि लेकीच्या लग्नात कर्ज काढून उभारतो ती फुशारकी. या दोन्हींचं नाव निघत नाही. हुंडा घेतलेला माणूस आपल्यात मंडळीचा वडील, म्हणजे कारभारी, म्हणून निवडून येतो, पण बिडी ओढताना दिसला की त्याच्यासाठी प्रार्थना मागतात.

बायबलातल्या जक्कय जकातदाराची गोष्ट बघा. तो रडला असं लूकने कुठेही लिहिलेलं नाही. अर्धी मालमत्ता गरिबांना आणि फसवून घेतलेलं चौपट परत, एवढं तो बोलला आणि प्रभू म्हणाला, आज या घराला तारण, म्हणजे पापातून सुटका, झालं आहे. आपल्या नगरमध्येच राहिलेल्या ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी १९१७ साली मिशनची पगाराची नोकरी सोडली, साताऱ्याला जाऊन ‘देवाचा दरबार’ हा भक्तांचा मेळा उभा केला आणि संन्याशासारखे राहिले. माझं म्हणणं स्पष्ट आहे: पैसा आणि जमीन यांना हात न लावणारं नवीकरण मी नवीकरण मानत नाही.

केडगावची लेक:
दादा, सलाम. तुमचं म्हणणं अर्धं पटलं, पण पुड्यांबद्दल तुम्ही लिहिलंत ते वाचून वाईट वाटलं. माझे वडील पीत होते. पगाराच्या दिवशी आई दाराची कडी आतून लावून बसायची. अशाच एका सभेत ते रडले आणि त्यांनी बाटली सोडली. नंतर दोनदा घसरले, पुन्हा उठले, पण मरेपर्यंत आईवर हात उगारला नाही. त्या सभेत त्यांनी एक रुपया कुणाला परत दिला नव्हता. तरीही आमच्या घराला तारण त्याच रात्री झालं.

आता आमच्या केडगावच्या मुक्ती मिशनची, पंडिता रमाबाईंच्या आश्रमाची, गोष्ट. १९०५ साली रमाबाईंनी मुलींना रोज प्रार्थनेला बोलावलं आणि जूनच्या अखेरीस तिथे जे घडलं त्यात अश्रूच अश्रू होते. मुली तासन्‌तास गुडघ्यांवर होत्या, मोठ्याने पापं कबूल करत होत्या. बाहेरच्या पुष्कळांना तो वेडेपणा वाटला. त्यातल्या कितीतरी दुष्काळातून वाचवून आणलेल्या अनाथ मुली, बालविधवा. त्यांच्या नावावर कसली आली जमीन! त्यांनी काय परत करायचं होतं? पुढे त्याच मुली टोळ्या करून आसपासच्या गावांत शुभवर्तमान सांगायला गेल्या.

आणि बाईंचं स्वतःचं बघा. बाप्तिस्मा १८८३ चा. शारदा सदन १८८९ चं. विधवांसाठी एवढं मोठं काम उभं राहिलं होतं, तरी त्यांनी आपल्या साक्षीत लिहिलं आहे, की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी लक्षात आलं, धर्म मिळाला होता पण ख्रिस्त मिळाला नव्हता. म्हणजे चांगलं काम हातून होत असतानाही माणूस आतून कोरडा राहू शकतो. तुमच्या मापाने मोजलं असतं तर रमाबाई १८८९ लाच उत्तीर्ण झाल्या असत्या. त्यांना स्वतःला तसं वाटलं नाही.

पाथर्डीचा:
दोघांचंही वाचलं. टिळकांबद्दल आदर आहे, त्यांची गीतं आमच्या आजीला तोंडपाठ होती. पण टिळक चित्पावन घरातून आले होते. विद्या, कीर्ती, पगार, सगळं हातात होतं म्हणून सोडता आलं. आपल्या जिल्ह्यातल्या बहुतेक मंडळ्या महार आणि मांग वस्त्यांतून उभ्या राहिल्या. आमच्या पणजोबांना अंगभर कापड आणि पाटी-पेन्सिल हवी होती. ती ऐहिक इच्छाच होती, आणि तिच्यामागे गेले म्हणून मी आज हे लिहू शकतोय.

आमच्या वाट्याला काय आलं तेही सांगतो. १९५० च्या आदेशाने ख्रिस्ती दलितांना अनुसूचित जातीच्या सवलती नाहीत. पुढे शिखांना मिळाल्या, १९९० साली बौद्धांना मिळाल्या, आम्हाला आजही नाहीत. विश्वासासाठी आम्ही पिढ्यान्‌पिढ्या किंमत मोजतोय आणि वर व्यासपीठावरून ऐकायचं, की जगाचा मोह सोडा. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या बाईला स्वतःच्या घराची आस असेल तर तिला तुम्ही पश्चात्ताप करायला सांगणार का? मोह कुणाचा, हे आधी विचारा. प्रभूने ‘सगळं विकून टाक’ हे श्रीमंत तरुणाला सांगितलं. आंधळ्या बार्तीमयाला त्याने विचारलं, मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे? त्याने डोळे मागितले, ते दिले.

वसईकर:
आम्ही कॅथलिक, आमच्याकडे संजीवन सभांपेक्षा उपवासकाळाला वजन. राखेच्या बुधवारपासून चाळीस दिवस प्रार्थना, उपवास, दानधर्म. मटण-मासळी सोडणारे पुष्कळ, पण वाचलेले पैसे दानपेटीत टाकणारे कमी. यशयाचा ५८ वा अध्याय दरवर्षी वाचला जातो: दुष्टतेच्या बेड्या तोडणं, भुकेल्याला आपली भाकर वाटून देणं, हाच मला पसंत असलेला उपास. आमचे धर्मगुरू फादर दिब्रिटो हरित वसईच्या, म्हणजे वसईचं पाणी आणि जमीन वाचवण्याच्या, लढ्यात उतरले तेव्हा ‘धर्मगुरूंनी पाणी आणि जमीन यांत पडू नये’ म्हणणारे आमच्यातही होते. माझ्या मते तोच त्या पिढीचा खरा उपवासकाळ होता. शेवगावकरांना माझा पाठिंबा.

लेखा:
शेवगावकर दादा, टिळकांचं नाव घेता तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचंही घ्या. त्यांचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचलं असेलच. नवरा मनात येईल तेव्हा नोकरी सोडतो, हातातलं दुसऱ्याला देऊन मोकळा होतो, आणि संध्याकाळी चूल पेटवायची ती बाईने. नवऱ्याने धर्म बदलला तेव्हा त्या कित्येक वर्षं त्याच्यापासून दूर राहिल्या, स्वतः विचार करून, स्वतःच्या पायांनी ख्रिस्ताकडे आल्या. मला तरी त्यांचं नवीकरण टिळकांच्या संन्यासापेक्षा मोठं वाटतं. जातपात, सोवळंओवळं त्यांनी मनातून कसं उपटून काढलं ते त्यांनी लिहून ठेवलं आहे, आणि त्यात व्यासपीठ कुठेच नाही. पुरुष संसार सोडतो त्याचा हिशेब घरातल्या बाईला विचारून मांडावा.

शेवगावकर:
सगळ्यांचं मन लावून वाचलं. केडगावच्या ताई, तुमच्या वडिलांची बाटली सुटली याला मी छोटी गोष्ट कधीच म्हणणार नाही. पण तुमच्याच उदाहरणात आईवर उगारलेला हात थांबला. म्हणजे शेजारच्या माणसाला फरक कळला. मी तेच मागतोय. रमाबाईंचंही तसंच. आठ वर्षांनी त्यांना जे मिळालं त्यानंतर त्या १८९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात धावल्या, १९०० मध्ये गुजरातच्या मुली आणल्या, कृपा सदन काढून, जिला कुणी दारात उभं करत नव्हतं तिला घर दिलं. कोरडेपणा गेला तो असा दिसला.

पाथर्डीच्या भावा, घराची आस हा मोह नाही, यात माझं तुझ्याशी भांडण नाही. पण आता आपल्यातही बंगलेवाले आहेत, बागायतदार आहेत, व्याजाने पैसे देणारे आहेत. त्यांना हा उपदेश लागू आहे की नाही? आपण गरिबांच्या मागे लपून त्यांना सोडून देतो.

येत्या प्रभुभोजनाआधी मी आमच्या पंच कमिटीत एक गोष्ट मांडणार आहे. मत्तय ५ मध्ये प्रभू म्हणतो, वेदीपाशी दान घेऊन आलास आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. ज्यांचे आपापसांत खटले चालू आहेत त्यांना पाळकांनी आधी एकत्र बसवावं.

केडगावची लेक:
याला माझी पूर्ण संमती आहे, फक्त हे चारचौघांत नको. पाळकसाहेब न्यायाधीश झाले की मंडळीत दोन तट पडतील. नात्यागोत्यात नसलेल्या दोन वयस्कर माणसांना पाठवा, आणि बसण्याआधी उपास-प्रार्थना करा. मन मऊ झाल्याशिवाय कागद पुढे सरकत नाही, हे माझं म्हणणं कायम आहे.

पाथर्डीचा:
व्याजवाल्यांबद्दल म्हणालात ते कबूल. त्यांची नावं कमिटीत घ्यायची हिंमत कोण करतं ते बघू. आमच्याकडे सभेची सर्वांत मोठी वर्गणी त्यांचीच असते.

लेखा:
बसवायचंच तर एक विचारते. त्या दोन भावांना बहीण आहे का? असेल तर तिच्याकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली आहे का? आपल्याला १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू आहे, मृत्युपत्र नसेल तर बापाच्या मालमत्तेत मुलगा-मुलगी सारखेच. तरी माहेर तुटेल या भीतीने किती जणी सही करून मोकळ्या होतात, ते आपल्याला माहीत आहे. दोघा भावांनी निम्मं-निम्मं वाटून घेऊन गळाभेट घेतली, तर माझ्या लेखी तो समेट नाही. त्या बैठकीत तिचीही खुर्ची ठेवा.