वेल्डिंग सेटच्या वायरलेस रिमोटचा रिसीव्हर गेलाय, नुसता रिसीव्हर बदलता येईल का?

मिरजोळे वर्कशॉप, रत्नागिरी

नमस्कार मंडळी. जयगड खाडीत एका बार्जच्या बॅलास्ट टाकीचं (तोल राखायला पाणी भरतात ती तळाची टाकी) काम घेतलंय. तळाच्या प्लेटांचे गंजून पापुद्रे सुटलेत, त्या कापून नव्या बसवतोय. सेट ४०० अँपिअरचा थ्री फेज इन्व्हर्टर, तो डेकवर. वेल्डर खाली टाकीत, आणि मॅनहोल जेमतेम माणूस शिरेल एवढं. रिमोट चालत होता तोवर उभा जॉइंट आला की तो जागेवरूनच करंट उतरवायचा. आता शिडी चढून वर येतो, नॉब फिरवतो, परत उतरतो. पन्नाशीचा माणूस, मे महिना, आतली प्लेट हात लावू देत नाही. मला ते बघवत नाही.

सकाळी दव असलं की करंट आपोआप ४० वर पडतो. रिसीव्हरचा दिवा मात्र चालू असतो. ऊन तापलं की तास-दोन तास बरं चालतं. डबी उघडली तर कार्डावर अँटेनाच्या सोल्डरिंगला हिरवा कळंक चढलेला. सर्व्हिसवाले म्हणतात रिमोटसकट पूर्ण संच घ्या, दीड महिना लागेल. तोवर पाऊस धरेल. नेटवर एक रिसीव्हर मिळतोय, १४ पिनी प्लग अगदी तसाच, पण त्यावर ९१५ मेगाहर्ट्झ लिहिलंय आणि माझ्या रिमोटवर २.४ गिगाहर्ट्झ. घेऊ का?

लोटे मेंटेनन्स

दादा, पैसे घालण्याआधी अर्धा तास द्या. दोष रिसीव्हरचा की सेटचा, हेच अजून ठरलेलं नाही.

रिसीव्हर काढा आणि सेटच्या सॉकेटवर मीटर लावा. बऱ्याच १४ पिनी सेटमध्ये सी आणि डी या पिनांत १० व्होल्ट डीसी मिळतात, आणि ई पिनेवरून ० ते १० व्होल्ट परत सेटला जातात. त्यावरच करंट ठरतो. तुमच्या सेटचं मॅन्युअल उघडून पिना ताडून बघा, सगळ्यांची मांडणी एक नसते. नुसती पिन चुकली तरी आतलं कंट्रोल कार्ड जाऊ शकतं. मग १० किलोओहमचा साधा पॉट (नॉब फिरवून व्होल्टेज कमी-जास्त करायचा रेझिस्टर) घ्या, दोन टोकं सी-डीला, मधली ई ला. पॅनेलवर रिमोट निवडा आणि पॉट सावकाश फिरवा. आकडा एकसारखा चढला-उतरला तर सेट ठणठणीत. मध्येच आपटला तर सॉकेट किंवा आतली वायर बघा. खाऱ्या वाऱ्यात सॉकेटच्या पिना आधी जातात, हे मी तीनदा पाहिलंय.

आणि मागचं कव्हर काढायची वेळ आली तर मेन स्विच पाडून लगेच हात घालू नका. ४१५ व्होल्ट रेक्टिफाय होऊन आतल्या कपॅसिटरवर साडेपाचशेच्या वर डीसी असतो. दहा मिनिटं थांबा, मीटरने शून्य बघा, मगच हात.

मालवणचो रेडिओवालो

मी बोटींचे व्हीएचएफ सेट नि फिश फाइंडर दुरुस्त करतंय, म्हणून सांगतंय: ९१५वालो घेव नको. प्लग बसलो तरी तुझो रिमोट त्याच्याशी बोलूचो नाय, दोघांची फ्रिक्वेन्सी एकच होयी. आणि ९१५ आपल्याकडे बिनपरवाना पट्ट्यात येत पण नाही. आपल्याकडे मोकळे आहेत ते ८६५ च्या आसपासचा पट्टा आणि २.४ गिगाहर्ट्झ. त्याच मॉडेलचा सुटा रिसीव्हर डीलरकडे माग. सर्व्हिसवाले संचच विकू बघतात, पण काही डीलर सुटा ठेवतात.

तोवर कार्ड धू. आयसोप्रोपिल अल्कोहोल, मऊ ब्रश, कळंक निघेपर्यंत. अँटेनाचा डाग नवा दे. दोन तास सावलीत सुकव, मग वरून कन्फॉर्मल कोटिंगचा (कार्डाला ओल लागू न देणाऱ्या पातळ थराचा) स्प्रे, पिना आणि अँटेनाचं कनेक्टर टेपने झाकून.

आणखी एक. डेकवरच्या रिसीव्हरला टाकीतला रिमोट दिसायचा कसा? चहूबाजूंनी पोलाद. जो काही सिग्नल येतो तो मॅनहोलातूनच. रिसीव्हर एक्स्टेन्शन केबलने मॅनहोलच्या तोंडाशी आण.

जुना फिटर, दाभोळ

एवढंच विचारतो. सिग्नल तुटला की सेट बंद होतो की आहे त्या करंटवर राहतो? नवा रिसीव्हर लावल्यावर रिमोटचे सेल काढून हे बघाच. आणि टाकीत ब्लोअर चालू, मॅनहोलवर माणूस कायम. रिमोट आला म्हणून वरचा माणूस हलवू नका.

मिरजोळे वर्कशॉप, रत्नागिरी

सगळ्यांचे मनापासून आभार. काय झालं ते लिहितो, पुढच्या कोणाला उपयोगी पडेल.

पॉट लावून पाहिला. आकडा दोनदा आपटला. सॉकेटची ई पिन टॉर्चच्या उजेडात बघितली तर मुळाशी हिरवी, खवल्यासारखी. क्लीनर मारून ब्रशने साफ केली आणि पॉटवर ४० पासून ३८० पर्यंत सरळ चढला. म्हणजे लोटेवाले दादा बरोबर होते. पण कार्डही खरंच गेलं होतं. धुऊन दोन दिवस चाललं, तिसऱ्या दिवशी दिवाच लागेना. कोल्हापूरच्या डीलरकडे त्याच मॉडेलचा सुटा रिसीव्हर मिळाला, रात्रीच्या एसटीने सकाळी हातात. जुन्या रिमोटशी पेअर करायला पाच मिनिटं लागली. लावायच्या आधी कोटिंग मारलं.

शिल्डेड केबलने तो आठ मीटर पुढे आणून मॅनहोलच्या कडेला लाकडी फळीवर बसवलाय, वर अर्धा कापलेला प्लास्टिकचा डबा. रिमोटचे सेल काढून पाहिले, सेट दीड-दोन सेकंदांत बंद होतो. वरचा माणूस तिथेच आहे.

आज दुपारपर्यंत एकदाही शिडी चढावी लागली नाही. अकरा प्लेटांपैकी सात झाल्या.